स्थलांतरित कामगार आणि स्थानिकांची भाकर

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण. छापण्यापूर्वी थोडी दुरुस्ती केली आहे.)



समितीने मला बोलायला सांगितलं आणि विषय माझ्यावरच सोडला. विहाराच्या व्यासपीठावरून परदेशी कामगारांवर बोलायचं म्हणजे काही जणांना नवल वाटेल. पण हा विषय मी पुस्तकातून काढलेला नाही. तो आपल्याच गल्लीतून चालत माझ्या दारात आला.

झालं असं. आपल्या गल्लीतली दोन पोरं एका केटरर्सकडे तीन वर्षं कामाला होती. एक वाढपी, दुसरा भट्टीवर मदतनीस. रोज सहाशे रुपये. ऐन लग्नसराईत मालकाने सांगितलं, उद्यापासून येऊ नका. त्यांच्या जागी चार नेपाळी मुलं आली. त्यांना साडेतीनशे रुपये आणि गोडाऊनमध्येच झोपायचं. संध्याकाळी सात-आठ पोरं तावातावाने माझ्या दारात उभी. म्हणाली, "काका, आज रात्री गोडाऊनवर जातो आणि त्या चौघांना गाडीत बसवून देतो. आमच्या पोटावर पाय देतात म्हणजे काय?"

मी म्हटलं, "जा. पण आधी अर्धा तास बसा, चहा घ्या." ती बसली. त्या अर्ध्या तासात मी त्यांना जे सांगितलं, आणि नंतर या विषयावर वाचून जे मला कळलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

माझी ओळख अध्यक्षांनी करून दिलीच आहे. माझे वडील परळच्या गिरणीत रिंग खात्यात होते. मी त्याच गिरणीत बदली म्हणून लागलो आणि १९८२ च्या संपात बाहेर पडलो तो बाहेरच. पुढे सारं आयुष्य कामगार संघटनेच्या कचेरीत अर्ज आणि तक्रारी लिहिण्यात गेलं. तेव्हा मी अर्थशास्त्राचा पंडित नाही. पण काम गेलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो हे मला माहीत आहे. म्हणून त्या पोरांना "तुमचं चुकतं" असं मी म्हणालो नाही. त्यांचं काम गेलं होतं, हे खरंच होतं.

प्रश्न असा आहे. बाहेरच्या देशातला कामगार आला की इथल्या कामगाराचं काम जातं का? मजुरी पडते का?

परदेशी जाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका, इंग्लंड येतं. पण जगातल्या परदेशी स्थलांतरितांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसं एका विकसनशील देशातून दुसऱ्या विकसनशील देशात गेलेली आहेत. म्हणजे गरीब देशातला गरीब माणूस त्याच्याहून जरा बऱ्या देशात जातो. जिथे जातो तिथलाही बहुतेक कामगार हातावर पोट असलेलाच असतो. त्याच्याकडे ना कायमची नोकरी, ना फंड, ना आजारपणाची रजा. अशा दोन हातावरच्या पोटांची गाठ पडते, तेव्हा काय होतं?

साधा हिशेब कोणीही सांगेल. भाकर एक, खाणारे दोन होते ते चार झाले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर. ऐकायला हे पटतं. पण मंडळी, काम म्हणजे टोपलीत मोजून ठेवलेली भाकर नव्हे. आलेला माणूस नुसतं काम करत नाही. तो जेवतो, खोलीचं भाडं भरतो, चपला घेतो, मोबाईलला रिचार्ज मारतो. त्याच्या खर्चातून दुसऱ्या कुणाला तरी काम मिळतं. चार हात वाढले म्हणून ठेकेदार दोन ऑर्डरी जास्त घेतो, मग त्याला हिशेब ठेवणारा लागतो, टेम्पो चालवणारा लागतो. म्हणजे टोपलीतल्या भाकरीही वाढतात.

मात्र त्या सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. इथे मी गिरणीतलेच दोन शब्द वापरतो. बाहेरून आलेला कामगार कधी 'जोडीदार' असतो, कधी 'बदली' असतो. तो खड्डा खणतो आणि इथला माणूस मुकादम होतो, तेव्हा तो जोडीदार. त्याच्यामुळे इथल्याची मजुरी वाढते. पण जे काम इथला करतो तेच काम तो कमी पैशांत करू लागला, की तो बदली. तेव्हा इथल्याचं नुकसान होतं. तेव्हा खरा प्रश्न पुढे येतो तो हा की आलेला माणूस जोडीदार ठरणार की बदली, हे ठरवतं कोण?

हे समजून घेण्यासाठी आपण थायलंडला जाऊ. थायलंड आपल्याला परका नाही. आपल्याकडच्या कित्येक विहारांतल्या मूर्ती तिकडून आलेल्या आहेत. तिथल्या उपासकांनी दिलेलं दान आपण पाहिलं आहे. पण तिथल्या कामगारांचा विचार आपण कधी केला नाही.

थायलंडच्या शेजारी म्यानमार, लाओस आणि कंबोडिया. तिन्ही त्याच्याहून गरीब. तिन्ही देशांत बहुसंख्य बौद्ध लोक. १९८० नंतर थायलंडमध्ये कारखाने वाढले. ईशान्येकडचा जो भाग ते इसान म्हणतात, तिथला गरीब शेतकऱ्यांचा मुलगा बँकॉकला आला, शाळा शिकला, कारखान्यात लागला. कुणी तैवानला, कुणी इस्रायलच्या शेतीवर मजुरीला गेला. घरात मुलं कमी जन्मू लागली. मग मासेमारीच्या बोटीवर कोण जाणार? रबराच्या मळ्यात पहाटे चीक काढायला कोण उठणार? कोळंबी सोलायला, बांधकामावर घमेली उचलायला, घरकामाला कोण येणार? ती जागा शेजारच्या देशांतल्या माणसांनी भरली. २०१९ च्या सुमाराचा संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांचा अंदाज असा होता की या शेजारी देशांतले सुमारे ३९ लाख कामगार थायलंडमध्ये आहेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि ओईसीडी ही आर्थिक संघटना यांनी मिळून दहा विकसनशील देशांचा अभ्यास केला. तो २०१७-१८ साली प्रसिद्ध झाला. थायलंडबद्दल त्यांना आढळलं ते असं : २०१० साली काम करणाऱ्यांमध्ये परदेशी होते ४.७ टक्के, आणि देशाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा होता ४.३ ते ६.६ टक्के. म्हणजे जितके हात आले तितकं, कदाचित थोडं जास्तच, त्यांनी देशाला दिलं. फुकट कुणाचं खाल्लं नाही. दहाही देश एकत्र धरले तर स्थानिकांच्या नोकऱ्यांवर आणि मजुरीवर झालेला परिणाम मर्यादितच आढळला. गंमत अशी की त्या दहा देशांत नेपाळही आहे, आणि नेपाळमधले 'परदेशी' म्हणजे बहुतेक भारतात जन्मलेली माणसं. तिकडे 'बाहेरचे' म्हणजे आपणच!

२०१४ चं एक उदाहरण पाहा. मे महिन्यात थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली. बेकायदा कामगारांना धरणार अशी बातमी पसरली आणि जून महिन्यात दोन लाखांहून अधिक कंबोडियन कामगार मिळेल त्या गाडीने सीमेकडे पळाले. आता साध्या हिशेबाप्रमाणे काय व्हायला हवं होतं? दोन लाख जागा रिकाम्या, दोन लाख थाई कामगारांची चंगळ. तसं झालं नाही. बांधकामं अडली, मालक हवालदिल झाले, आणि त्याच सरकारने नोंदणीची केंद्रं उघडून त्याच कामगारांना परत बोलावलं. २०१७ साली मालकांना आठ लाख बाथपर्यंत दंडाचा फतवा निघाला तेव्हाही हेच. हजारो माणसं पळाली आणि फतव्याची अंमलबजावणी सरकारला पुढे ढकलावी लागली. घमेलं उचलणारा गेला की गवंडीही घरी बसतो, ही गोष्ट नाक्यावर उभं राहणाऱ्या आपल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

हे झालं जोडीदाराचं. आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवर मे सोत नावाचं गाव आहे. मध्ये मोई नदी, पलीकडे म्यावड्डी. या मे सोतमध्ये कपडे शिवणारे कारखाने आहेत आणि त्यांत बहुतेक बर्मी मुली. २०१३ च्या जानेवारीपासून थायलंडमध्ये साऱ्या देशात रोज तीनशे बाथ किमान मजुरी ठरली. पण मे सोतच्या कित्येक कारखान्यांत त्याहून कितीतरी कमी मजुरी दिली जाते, हे कामगारांच्या तक्रारींतून पुन्हा पुन्हा पुढे आलं. हे असं कसं चालतं? मुलगी बोलली की कागदाचा प्रश्न निघतो. कागद मालकाच्या कपाटात. पोलिसाची भीती. आणि १९७५ च्या तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे युनियन स्थापन करण्याचा, तिच्या कमिटीवर बसण्याचा हक्क फक्त थाई नागरिकाला. परदेशी कामगाराला असलेल्या युनियनचं सभासद होता येतं, पण ज्या कारखान्यात सगळेच परदेशी, तिथे युनियन स्थापन कोण करणार?

आता विचार करा. अशा कारखान्याच्या शेजारी एखाद्या थाई बाईने शिवणकाम मागितलं तर तिला काय दर मिळेल? तिलाही तोच पडका दर. तिची मजुरी बर्मी मुलीने पाडली का? बर्मी मुलीला हक्क नाही, म्हणून ती पडली. माणूस स्वस्त नसतो हो, त्याची तोंडबंदी करून त्याला स्वस्त केलं जातं.

मलेशियातला अभ्यासही असाच निघाला. तिथे इंडोनेशिया, नेपाळ, बांगलादेशातून लाखो मजूर गेले. बहुसंख्य मलेशियन कामगारांची मजुरी त्यामुळे किंचित वाढलीच. जे अजिबात शिकलेले नव्हते त्यांची थोडी घटली. आणि सगळ्यात मोठा फटका कुणाला? आधी येऊन राहिलेल्या परदेशी मजुरालाच. कालच्या स्थलांतरिताची मजुरी आजचा स्थलांतरित पाडतो. म्हणजे नुकसान होतं ते सगळ्यांत खालच्या पायरीवर, आणि खालची पायरी म्हटली की आपल्याला कान टवकारावे लागतात. कारण आपली माणसं अजूनही तिथे बरीच आहेत.

तुर्कस्तानात काय झालं ते ऐका. सीरियात २०११ पासून यादवी पेटली आणि लाखो माणसं तुर्कस्तानात आली. एका टप्प्यावर त्यांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली. त्यांना आश्रय मिळाला, पण काम करायचा रीतसर परवाना मिळण्याची सोय झाली ती थेट २०१६ च्या जानेवारीत. तोपर्यंत त्यांनी काय करावं? पोटाला तर रोज लागतं. ते विनानोंदणीच्या कामात शिरले : शेतमजुरी, बांधकाम, छोटे शिवण कारखाने. त्याचा परिणाम अभ्यासकांनी मोजला. ज्या तुर्की माणसांची कामं अशीच विनानोंदणीची होती, त्यांतल्या पुष्कळांची कामं गेली. स्त्रियांची आणि कमी शिकलेल्यांची जास्त गेली. उलट नोंदणीकृत कामं काही तुर्की पुरुषांना नव्याने मिळाली. ज्या भागात निर्वासित जास्त आले तिथल्या वस्तूंचे भाव अडीच टक्क्यांच्या आसपास उतरले. म्हणजे भाजी घेणाऱ्याचा फायदा झाला, पगारदाराचा फायदा झाला, आणि त्याची किंमत चुकवली शेतमजूर बाईने. देशाचा एकूण हिशेब मांडला तर तो नफ्याचा दिसेलही. पण त्या बाईच्या चुलीला त्या हिशेबाचा काय उपयोग? म्हणून 'परिणाम मर्यादित आहे' असं कुणी म्हणालं की आपण विचारलं पाहिजे, कुणासाठी मर्यादित?

याच्या उलट कोलंबियाने काय केलं? शेजारच्या व्हेनेझुएलात २०१५ च्या आसपास अर्थव्यवस्था कोसळली. माणसं पायी सीमा ओलांडून कोलंबियात आली. आज त्यांची संख्या २८ लाखांच्या आसपास आहे. कोलंबिया काही श्रीमंत देश नाही. तिथेही निम्म्याच्या आसपास कामगार विनानोंदणीचे. सुरुवातीला तिथेही तेच झालं, शहरातल्या विनानोंदणीच्या कामगारांची मजुरी पडली. पण २०१८ साली सरकारने कागदपत्रं नसलेल्या ४ लाख ४२ हजार व्हेनेझुएलन माणसांची नोंद केली आणि त्यांना रीतसर काम करण्याचा परवाना खुला केला. ओरड झाली की आता आमच्या नोकऱ्या गेल्या. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले, तर त्या परवान्यांमुळे कोलंबियन कामगारांच्या नोंदणीकृत नोकऱ्यांवर जवळजवळ काहीच परिणाम झालेला नव्हता. २०२१ साली तर सरकारने दहा वर्षांचं संरक्षण जाहीर केलं. यामागे आणखी एक आठवण होती. पूर्वी व्हेनेझुएलाच्या तेलाचा सुकाळ होता तेव्हा लाखो कोलंबियन तिकडे पोट भरायला गेले होते. आज जो देणारा आहे तो काल घेणारा होता.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे सगळं ठीक, पण आमची पोरं त्या रात्री गोडाऊनवर गेली असती तर काय झालं असतं?

त्याचंही उत्तर आहे. २००८ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत अशीच पोरं बाहेर पडली. झिंबाब्वे, मोझांबिकची माणसं आमची कामं घेतात, त्यांना हाकला, अशी आरोळी. ज्या देशात गोऱ्यांच्या राजवटीने काळ्या माणसाला त्याच्याच शहरात परका ठरवलं होतं, पास दाखवल्याशिवाय फिरू दिलं नव्हतं, त्याच देशात हे झालं. पंधरवड्यात ६२ माणसं मारली गेली. आणि त्या ६२ मध्ये २१ माणसं दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती! भाषा वेगळी वाटली, रंग जास्त काळा वाटला, की धर आणि मार. परका कोण हे ठरवणारा जमाव एकदा निघाला की तो आपल्या माणसाच्या दारातही थांबतो. त्याने कुणाची मजुरी वाढली नाही. २०१५ ला, २०१९ ला तेच पुन्हा झालं.

ही गोष्ट सांगितली तेव्हा पोरं गप्प झाली. मग मी त्यांना आपल्या घरची गोष्ट सांगितली.

मुंबईच्या गिरण्यांत आपले आजे-पणजे कोकणातून, घाटावरून आले. देश एकच, पण गिरणीत ते परकेच होते. जास्त पगाराचं काम विणाई खात्यात, साच्यांवर. तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो. आपल्या माणसांनी कमी पगाराच्या खात्यांतच राहायचं. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे मांडला, तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला. त्यांना वाटत होतं की विणकरांचा पगार टिकवायचा तर दार बंद हवं. पण दार बंद ठेवून विणकरांचा तरी पगार टिकला का? मालकाने पगार कापायचा तेव्हा कापलाच. फुटलेले कामगार त्याला हवेच होते.

बंद दारांची ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. थायलंडने १९७९ साली ३९ कामांची यादी केली, ही कामं परदेश्याने करायची नाहीत. केस कापणं, गाडी चालवणं, दुकानात विक्री करणं अशी कामं त्यात होती. ऐकून आश्चर्य वाटेल, बुद्धमूर्ती घडवणं आणि भिक्षापात्र बनवणं हीसुद्धा त्या यादीत होती. आणि साधं अंगमेहनतीचं कामही होतं! म्हणजे यादीत बंदी आणि प्रत्यक्षात लाखो परदेशी मजूर अंगमेहनत करताहेत. ही बंदी म्हणजे कामाची बंदी नव्हती, तक्रारीची बंदी होती. शेवटी २०१८ साली यादी बदलली तेव्हा अंगमेहनतीचं काम त्या बंदीतून काढावं लागलं.

तर मग त्या रात्री आम्ही काय केलं? आम्ही गोडाऊनवर गेलो. पण मी बरोबर होतो आणि तिघेच गेलो. ती आपली दोन पोरं आणि मी.

त्या चौघांत थोरला असेल तेवीस-चोवीस वर्षांचा. सगळे त्याला 'बहादूर' म्हणत. ते त्याचं नाव नव्हतं. चौघांनाही बहादूरच म्हणत. मी त्याला नाव विचारलं तेव्हा तो जरा गोंधळला, मग त्याने सांगितलं. मंडळी, नावाऐवजी दुसरंच काही म्हणून हाक मारली जाणं काय असतं, हे या सभेत मी कुणाला सांगावं?

तो पश्चिम नेपाळचा. भारत-नेपाळ करार १९५० चा, त्यामुळे त्यांना इथे येऊन काम करायला परवाना लागत नाही. म्हणजे तो बेकायदा नव्हता. तरी त्याची अवस्था मे सोतच्या मुलीसारखीच. मुकादमाची उचल अंगावर, दोन महिन्यांचा पगार मालकाकडे अडकलेला, "गावी जाताना घे" म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, "साडेतीनशेला कसा तयार झालास?" तो हिंदीत म्हणाला, "अंकल, तयार कुठे झालो? इथे किती मिळतात हे कुणी सांगितलंच नाही." त्यावर आपला पोरगा पटकन बोलून गेला, "मला सहाशे मिळत होते." दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मालकाला नको असलेली गोष्ट नेमकी तीच होती, की या दोघांनी एकमेकांना पगार सांगावा.

पुढचं काम माझ्या सवयीचं. मी अर्ज लिहिला. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला, पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला. त्यात कामगार कुठल्या देशाचा हे विचारलेलं नाही, काम केलं का एवढंच विचारलेलं आहे. अर्जावर चार सह्या झाल्या. दोन आपल्या पोरांच्या, दोन त्या नेपाळी मुलांच्या. बाकी दोघे घाबरले, त्यांना मी दोष देत नाही. खेटे घातले, तारखा पडल्या. शेवटी मालकाने बाहेरच मिटवलं. नेपाळी मुलांचा अडकलेला पगार निघाला. आपल्या पोरांपैकी एक परत कामावर गेला, दुसऱ्याने दुसरा केटरर्स धरला. आता तिथे सगळ्यांना एकच दर आहे, साडेपाचशे. म्हणजे आपल्या पोराच्या जुन्या दरापेक्षा पन्नास रुपये कमीच. हे मी लपवत नाही. जिंकलो असं मी म्हणणार नाही. पण आता त्या मालकाला एकाला काढून दुसऱ्याला स्वस्तात ठेवता येत नाही, कारण स्वस्तातला कुणी उरलाच नाही.

म्हणून आपल्या वस्तीसाठी तीन-चार गोष्टी सुचवतो आणि संपवतो.

पहिली, कामाचा दर लपवू नका. आपल्या विहाराच्या फळ्यावर कार्यक्रमाच्या सूचनेशेजारी केटरिंग, बांधकाम, हाऊसकीपिंग यांचे सरकारी किमान दर लिहून ठेवा. ते सहा महिन्यांनी बदलतात, तेव्हा फळाही बदला. हे काम कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी अंगावर घ्यावं.

दुसरी, शेजारी काम करणारा नेपाळचा असो, बिहारचा असो की आणखी कुठला, त्याला नाव विचारा आणि पगार विचारा. त्याचा दर वर गेला तरच तुमचा दर वाचेल. ही मी दयेची गोष्ट सांगत नाही, हिशेबाची सांगतो.

तिसरी, खालच्या पायरीवरून वर चढायची तयारी ठेवा. थायलंडमधला शेतमजुराचा मुलगा शिकला म्हणून परदेशी मजूर त्याचा जोडीदार झाला. जो शिकला नाही त्याचा तो बदली झाला. वाढप्याने भट्टी शिकावी, भट्टीवाल्याने ऑर्डर घ्यायला शिकावं. आपल्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग चालतो, त्यात मोठ्या माणसांनाही बसू द्या.

चौथी गोष्ट माता-भगिनींसाठी. तुर्कस्तानात पहिली कामं गेली ती बायकांची, कारण त्यांची कुठेच नोंद नव्हती. घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनी आपली नोंद करून घ्यावी, किती घरी किती वर्षं काम केलं हे वहीत लिहून ठेवावं. वही नसेल तर मी देतो.

सम्यक आजीविका आपण त्रिसरणानंतरच्या प्रवचनांत अनेकदा ऐकली. दुसऱ्याच्या पोटावर पाय न देता पोट भरणं, असा तिचा साधा अर्थ मी घेतो. त्यात मी एवढंच जोडतो : आपल्या पोटावर कुणाचा पाय आहे हे बघताना खाली वाकून नीट बघावं. तो पाय अनवाणी असेल तर तो आपल्यासारख्याच कुणाचा तरी आहे, त्याला मागून कुणीतरी ढकललेलं आहे. बूट घातलेला पाय कुठे आहे, तो शोधावा.

तो नेपाळी मुलगा गेल्या वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारात आला होता. खीर वाटायला आपल्या पोरांबरोबर रांगेत उभा होता. कुणीतरी त्याला "ए बहादूर" म्हणून हाक मारली. आपला पोरगा मागे वळला आणि त्याने त्याचं खरं नाव सांगितलं. मला वाटतं, त्या रात्रीचा अर्धा तास फुकट गेला नाही.



जयभीम! नमो बुद्धाय!